काजलच्या लग्नाचं एरंडेल

९ जून २०२४, रविवार

आमच्या काजलचा साखरपुडा पार पडला. मुलगा दुर्गेश, उमरेडकडचा, मिहानमध्ये काजलच्याच कंपनीत आहे. स्वभावाने शांत. माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकतो, म्हणजे बुद्धिमान असला पाहिजे.

ऐन अंगठीच्या वेळी हॉलची लाईट गेली. जून महिना, नागपूर, आणि सगळे कूलर बंद. व्याही मारोतराव टोपीने वारा घेत म्हणाले, तुमच्या नागपुरात बी जाते का लाईट? आमाले वाटे, गावातच जाते. सगळे हसले. मला ते लागलं. तिथल्या तिथे उभा राहून मी जाहीर केलं की लग्नात लाईट जाऊ दे नाहीतर राहू दे, मांडव माझ्या स्वतःच्या तेलावर उजळेल. कोणतं तेल, असं कोणीतरी विचारलं. परवाच पेपरात वाचलेलं तोंडात आलं. रस्त्याच्या कडेला एरंड लावायचा, बियांचं तेल काढायचं, त्यावर इंजिन चालवायचं. आपला रस्ता, आपलं इंधन! टाळ्या पडल्या. आमच्या सौ. गोपिकाने वाजवली नाही. तिच्या हातात पाण्याचा ट्रे होता, त्यामुळे असेल.

लग्न पुढच्या अक्षय तृतीयेला, कारण उमरेडला घराचं बांधकाम सुरू आहे. म्हणजे वेळ भरपूर. रिटायर होऊन जेमतेम आठवडा झाला आणि जीवनकार्य सापडलं. लोकांना वर्षं लागतात.

१२ जून, सकाळी ६.१०

नियोजन. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर नकाशे काढले, त्याचा उपयोग आता होणार. आमच्या लेआउटचा, म्हणजे वसाहतीचा, रस्ता चौकापासून नाल्यापर्यंत सरळ जातो, दोन्ही कडांना मातीची पट्टी. सध्या तिथे गाजरगवत आणि देवरावचे बांबू. देवराव म्हणजे शेजारी. त्याचं बिछायत केंद्र आहे, मांडव, खुर्च्या, भांडी, जनरेटर सगळं भाड्याने देतो. आपल्याला जनरेटर महत्त्वाचा. लग्नाचं काम त्यालाच दिलंय.

संकल्प: रोज पाचला उठणे. चहातली साखर बंद. रोज नोंद.

काजल म्हणाली, बाबा, एरंडाचं गुऱ्हाळ लावू नका आता. मिहानमध्ये दिवसभर इंग्रजी बोलूनही पोरीला मराठी येतं, बरं वाटलं.

१३ जून, सकाळी ८.४०

उशिरा उठलो. कालच्या नियोजनाचा थकवा.

७ जुलै

इतवारीतून बियाणं आणलं. दुकानदाराला सगळा उपक्रम समजावून सांगितला. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, एवढी लोकांना उत्सुकता. शेवटी दुकानदाराने मला हात जोडले.

पेरणी केली. गोपिकाचं माहेर शेतकऱ्याचं. ती म्हणाली, इतक्या जवळ जवळ नका टाकू, पसरते ते झाड. मी तिला नकाशा दाखवला. नकाशात बसतं ते जमिनीत बसतंच. ती नकाशा घडी करून पोळ्यांच्या डब्याखाली ठेवून गेली. जपून ठेवते बिचारी.

१८ ऑगस्ट

एरंड कमरेला लागला! गायी नाही, शेळ्या नाही, कोणतंच जनावर तोंड लावत नाही. शत्रूच नाही असं हे पीक. देवराव बांबू उचलायला आला होता. झाडांकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाला, ओसाड गावी एरंड बळी. मी म्हटलं, मनीषनगर कुठं ओसाड आहे गा, इथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

पाटी लावली: "हरित इंधन पट्टा. बिया विषारी आहेत, खाऊ नयेत." खाली माझा मोबाइल नंबर. दिवसभरात एकच फोन आला. प्लॉट विकायचा आहे का, म्हणून.

२२ सप्टेंबर

समोरच्या वंदनाताई पानं तोडताना सापडल्या. त्यांचे गुडघे दुखतात. पान गरम करून गुडघ्याला बांधलं की आराम पडतो म्हणे. भाऊ, दोनच नेऊन राहिली, तुमच्यानं मी जिना चढाले लागली. मी परवानगी दिली. समाजकार्य वेगळं काय असतं?

२९ सप्टेंबर

या लेआउटमध्ये प्रत्येकाचा गुडघा दुखतो, हे मला ठाऊक नव्हतं. हात पोचेल तिथवर सगळी झाडं बोडकी, वर नुसता शेंडा. याला लोकसहभाग म्हणतात. शिवाय पानं गेली की झाडाची सगळी शक्ती बियांत जाते. हे कुठे वाचलेलं नाही, पण उघड आहे.

१० नोव्हेंबर

आज चाचणी. आपलं तेल अजून झाडावर आहे, म्हणून किराणा दुकानातून एरंडेलाच्या बाटल्या आणल्या. दुकानातल्या बाईंनी पिशवी भरता भरता माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि पपई खात जा म्हणाल्या.

देवरावच्या गोदामात लहान जनरेटरच्या टाकीत तेल ओतलं. दोरी मी ओढली. मग देवरावने ओढली. मग त्याच्या माणसाने ओढली. शेवटी पांढरा धूर, एक ढेकर, आणि शांतता. देवराव चिडला. म्हणे, ठवकर भाऊ, जनरेटर आहे गा हे, याले काहून एरंडेल पाजून राहिले? याचं काय पोट गच्च झालं होतं का? मी शांतपणे सांगितलं की नवं अन्न आहे, पचायला वेळ लागणार. देवरावने मला गोदामाबाहेर काढलं आणि शटर ओढलं. त्याचं जेवण राहिलं असेल.

१७ नोव्हेंबर

मोठं यश! जनरेटर मेकॅनिककडून परत आला. या वेळी टाकीभर डिझेल आणि त्यात एक चमचा एरंडेल. चालला! न थांबता, न ढेकर देता. देवराव म्हणाला, चमचा नसता टाकला तरी चालला असता. प्रत्येक शोधाच्या वेळी असा एक माणूस शेजारी असतोच. तत्त्व सिद्ध झालं, आता फक्त प्रमाणाचा प्रश्न.

मारोतरावांना फोन करून कळवलं. चमच्याचा उल्लेख राहून गेला. ते भलतेच खूश. म्हणाले, अख्ख्या गावाले सांगून ठेवलं आहे म्या, आमचा ईवाई झाडावर लाईट पेटवते. लोक लग्नाले कमी आन तुमचं जनरेटर पाहाले जास्त येऊन राहिले. ईवाई म्हणजे व्याही, अर्थात मी. फोन ठेवल्यावर एका टाकीत किती चमचे बसतात याचा हिशेब केला. बरेच बसतात.

१५ डिसेंबर

काजलबरोबर इतवारीत शालू घ्यायला गेलो. तीच मागे लागली, बाबा तुम्ही चलाच, आईपेक्षा तुम्हाला रंग कळतात. खरं आहे, नकाशे रंगवण्यात आयुष्य गेलं. दुकानात गादीवर बसलो आणि आठवलं की दोन गल्ल्या पलीकडे तेलघाणी आहे. पाच मिनिटांत आलो, असं सांगून निघालो. घाणीवाल्याशी सखोल चर्चा झाली. बराच वेळ मी बोललो, उरलेला वेळ त्याने घड्याळ पाहिलं.

परत आलो तर शालू घेऊन झाला होता. मायलेकी हातगाड्यांच्या गर्दीत पिशव्या धरून उभ्या. रंग घरी आल्यावर पाहिला. मोरपंखी आहे. चांगला आहे. काजलने गाडीत डोळे मिटून घेतले, दमली असणार.

संकल्प: पुढच्या खरेदीला पूर्ण वेळ देणे.

२९ डिसेंबर

घोस वाळायला लागले. गोपिका म्हणते, पिकले तसे तोडत चला, नाही तर बोंडं तडकून बी मातीत जाते. तिची दृष्टी घरगुती. मला तोडणी एकाच दिवशी हवी. फीत, नारळ, व्याही, फोटो. तोडणी समारंभ रविवार, १६ मार्च. तिला बजावलं की तोवर एकाही घोसाला हात लावायचा नाही. ती बरं म्हणाली. इतक्या लवकर ती कधी बरं म्हणत नाही. पटलं असावं.

२ फेब्रुवारी २०२५, वसंत पंचमी

अविस्मरणीय दिवस. देवराव चौकातल्या मंडळींना घेऊन दारात. आज होळीचा दांडा गाडतात, म्हणजे चौकात एरंडाचं झाड उभं करायचं आणि होळीपर्यंत त्याच्याभोवती लाकडं रचत जायचं. आधी नाल्याकाठचा एरंड आणत, आता नाल्याकाठी फ्लॅट झाले. एक झाड द्या म्हणाले. दिलं. नारळ माझ्याच हातून फोडून घेतला आणि दोन शब्द बोला म्हणाले.

बोललो. ही झाडं माझी नाहीत, रस्त्याची आहेत, आणि रस्ता सर्वांचा आहे. यातलं इंधन दारोदारी उजेड करो! प्रचंड टाळ्या. मागून एकाने विचारलं, म्हणजे कोणी बी नेऊ शकते का काका? मी म्हटलं, का नाही, वेळ आली की प्रत्येकाने न्यावं. आजूबाजूच्या लेआउटची मंडळीही होती. देवरावने व्हिडिओ काढला. विचार पसरतो आहे.

२ मार्च

रोज अनोळखी माणसं येऊन झाडं न्याहाळतात. कोणी उंची पाहतं, कोणी बुंधा दाबून पाहतं. आज एकाने झाडाला लाल दोरा बांधला. विचारलं तर म्हणाला, नंबर लावून ठेवला काका. मागे पाहिलं तर बऱ्याच झाडांना दोरे. वडाला बांधतात तसं. झाडावर श्रद्धा बसली की संवर्धनाची चिंता नको.

गोपिकाने विचारलं, होळी कवा आहे ध्यानात आहे ना? आहे की. तेरा तारखेला. त्याच दिवशी उमरेडला पत्रिका द्यायला जायचं ठरलंय. ती म्हणाली, तुम्ही एकटेच जा, मी घरी राहते. मी म्हटलं, घरी राहून काय राखायचं आहे? शेवटी बरोबर यायला तयार झाली.

१३ मार्च, होळी

उमरेडला उत्तम पाहुणचार. मारोतरावांनी रविवारच्या तोडणीला येण्याचं कबूल केलं, गाडीभर लोक घेऊन.

संध्याकाळी परतलो. मनीषनगरात शिरल्यापासून चौकाचौकात होळी. मी गोपिकाला म्हटलं, यंदा ज्वाळा काय उंच आहेत! ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, हो ना. मधोमध एरंड आहे सगळ्याईच्या.

पुढचं लिहवत नाही. पट्टा साफ. चौकापासून नाल्यापर्यंत एक झाड नाही. गुडघ्याएवढे खुंट आणि पाटी.

देवराव मला ओढत चौकात घेऊन गेला. लोकांनी वाट करून दिली. गळ्यात गाठी घातली, तेच हे ठवकर साहेब म्हणून दुसऱ्या लेआउटच्या लोकांना ओळख करून दिली. मी ओरडायच्या बेतात होतो. त्याने मोबाइल काढून माझंच भाषण मला दाखवलं. म्हणे, तुम्हीच तर म्हणलं, वेळ आली की न्या. आन भाऊ, होळीले गेलेलं परत मांगत नाही कोणी. आपण बी लहानपणी लोकाईच्या खाटा नेल्या ना. नेल्या होत्या.

नोंद: बोंडं तडतडून जळत होती, ज्योत स्वच्छ, धूर कमी. तेलाचा दर्जा फार चांगला होता.

१४ मार्च

धुळवड. बाहेर पडलो नाही. पोलिसात तक्रार करावी असं मनात आलं. पण चोर म्हणून नाव कोणाचं घालणार? वंदनाताईंनी तर नैवेद्याची पोळी पाठवली आहे.

मारोतरावांना समारंभ रद्द म्हणून कळवायला दोनदा फोन उचलला. दोन्हीदा त्यांचा आवाज ऐकून होळीच्या शुभेच्छा दिल्या.

१६ मार्च, रविवार

मारोतराव आले. जीपभर मंडळी, सगळ्यांच्या डोक्यावर स्वच्छ टोप्या. तर्री-पोहे खाल्ले आणि चला म्हणाले. मी त्यांना पट्ट्यावर नेलं. सगळे वाकून खुंट पाहायला लागले. मारोतरावांनी विचारलं, पीक कुठं आहे?

मी सांगितलं की तोडणी वेळेआधीच पूर्ण झाली आणि त्याचं ऊर्जेत रूपांतरही झालं. यात एक अक्षर खोटं नाही. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने खुंटाला काठी टोचली आणि म्हणाला, हे तर होळीले गेलं. मारोतराव माझ्याकडे पाहत राहिले. माझी मान खाली गेली. जावयाच्या गावासमोर बापाने स्वतःचं हसं करून घेतलं हे काजलला कळेल, तेव्हा ती काय म्हणेल, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात मागून गोपिका आली. डोक्यावर पदर, हातात पोळ्यांचा मोठा डबा. उघडून मारोतरावांपुढे धरला. आत एरंडाच्या बिया, स्वच्छ निवडलेल्या. म्हणाली, हे पाहा भाऊजी, इतवारीच्या घाणीवर न्यायचं राहिलं फक्त. मी झोपेत असताना डिसेंबरपासून रोज तोडत होती! माझी स्पष्ट सूचना असताना! मला इतकं भरून आलं की रागावता आलं नाही.

मारोतरावांनी मूठभर बिया हातात घेतल्या, सगळ्यांना दाखवल्या, आणि खिशात एक टाकली. गावात दाखवायला.

२३ मार्च

घाणीवरून तेल आलं. एक बाटली. थोडी रिकामी आहे, पण बाटली मोठी आहे. चमच्याच्या हिशेबाने लग्नाला रगड.

२० एप्रिल

एप्रिलच्या उन्हात लाईट जाणार हे ठरलेलं. या आठवड्यात रोज गेली. आज दोनदा. मी प्रत्येक वेळी खूश होतो आणि काजल घामाघूम होऊन माझ्याकडे पाहते. म्हणाली, बाबा, लग्नात तुम्ही माझ्याजवळ राहाल ना? मी म्हटलं, बेटा, तुझ्यासाठीच तर जनरेटरजवळ राहणार आहे.

१ मे, गुरुवार. दुपार

काल काजलचं लग्न झालं. बेसा रोडच्या लॉनवर, गोरज मुहूर्तावर. क्रमाने लिहितो.

कन्यादान केलं, एक डोळा झुंबरावर ठेवून. मंगलाष्टकं झाली आणि मी बाटली घेऊन स्वयंपाकाच्या मांडवामागे जनरेटरजवळ गेलो. मारोतरावांचे गाववाले आधीच तिथे जमले होते. मी चमचा तयार ठेवला. देवरावचा माणूस दोरी धरून उभा. कूलर सुरू, झुंबरं सुरू, बँडवाल्याचा स्पीकर सुरू. लाईट कोणत्याही क्षणी जाणार होती.

गेली नाही. गाववाले थोडा वेळ थांबले, मग एकेक करून जेवायला गेले. सावजी रश्श्याचा वास येत होता, त्यांचा दोष नाही. देवराव दोनदा सांगून गेला, भाऊ, लाईट हाय ना, जा ना गा मंडपात, पोरगी वाट पाहून राहिली. मी म्हटलं, आत्ता जाईल. आयुष्यात पहिल्यांदा वीज खात्याला मनातून शिव्या दिल्या, लाईट जात नाही म्हणून. फोटोवाला सगळ्या कुटुंबाला बोलवत होता ते ऐकू आलं. माझंही नाव ऐकू आलं. मला वाटलं, एवढ्यात काय होतं, लाईट गेली की सगळे इकडेच येतील.

मग काजल आली. मोरपंखी शालू धरत, ताटं-भांड्यांच्या ढिगातून वाट काढत, मागे गोपिका. बिदाईची वेळ झाली होती आणि बाप सापडत नव्हता. मी तिला सांगायला लागलो की तेल तयार आहे, फक्त लाईटने धोका दिला. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, बाबा, नाही गेली ना लाईट? बरं झालं ना मग? आणि रडायला लागली. मीसुद्धा रडलो. खूप रडलो. या पोरीचं लग्न मी पाहिलंच नाही. रंग कळतात म्हणून मला नेलं होतं तिने, आणि शालू मी तिच्या अंगावर काल पहिल्यांदा नीट पाहिला. फार शोभत होता.

आज सकाळपासून घर रिकामं आहे. तिच्या चपला दाराशी आहेत, जुन्या. कोणी उचलल्या नाहीत.

आता, म्हणजे हे लिहिता लिहिता, लाईट गेली. अख्ख्या लेआउटची. पंखा थांबत थांबत थांबला. गोपिका वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाली, आता आणा तुमचं तेल, पाहू बरं काय दिवे लावता. मी सांगितलं, बाटली तिथंच राहिली, जनरेटरजवळ. तिने विचारलं, काहून? इतकी जपली आन सोडून आले?

मी म्हटलं, काजलले जवळ घ्याले दोन्ही हात लागले ना वं.

तिने माझ्याकडेही वारा घातला. मग म्हणाली, इन्व्हर्टर घेऊन टाका आता. उद्या चौकशी करतो.